हात वर केलात, आता पुढे: प्रौढ महाविद्यालयातल्या नव्या वर्गप्रतिनिधीसाठी

सत्राचा पहिला आठवडा. हजेरी संपवून सर म्हणतात, "आणि हो, वर्गप्रतिनिधी कोण होणार?" तीस माणसं एकदम आपापल्या पिशवीत काहीतरी शोधायला लागतात. मी नेमका त्याच वेळी हात वर केला होता, पण वेगळ्याच कारणासाठी. आमचा वर्ग साडेसहाला भरायचा आणि कार्यालयाची खिडकी सहाला बंद व्हायची. मग फॉर्म द्यायचे कधी, एवढंच मला विचारायचं होतं. "छान! तुम्हीच," म्हणून सरांनी माझं नाव लिहून घेतलं. माझी पहिली निवडणूक ही अशी झाली.

पुढे मी विद्यार्थी परिषदेची सचिव झाले, आणि एका वर्षी उमेदवार न होता निवडणूक अधिकारी म्हणून मतपेटी सांभाळली. चुका भरपूर केल्या. नव्यानं या कामात पडणाऱ्याला त्या पुन्हा करायला लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे.

प्रौढांच्या कॉलेजातलं हे काम तरुणांच्या कॉलेजातल्या निवडणुकांसारखं नसतं. इथे मिरवायला कुणाला वेळ नसतो. वर्ग सुटला की एकाला रात्रपाळीला पळायचं असतं, दुसरीचं लहान मूल शेजारी ठेवलेलं असतं. शिवाय चाळिशी-पन्नाशीतली माणसं तक्रार करायला बिचकतात. "एवढ्याशा गोष्टीसाठी काय बोलायचं," म्हणत वर्ष रेटतात आणि एक दिवस यायचीच बंद होतात. कार्यालयाच्या वहीत मग "गैरहजर" एवढीच नोंद राहते. त्या एवढ्याशा गोष्टी कुणीतरी वेळेवर वर न्यायच्या आणि त्यांचं उत्तर खाली आणायचं, यासाठी वर्गप्रतिनिधी असतो.

आधी खुर्ची ओळखा

"समितीवर निवड झाली" असं सगळेच म्हणतात, पण समित्या एका जातीच्या नसतात. सगळ्यांत खाली वर्गप्रतिनिधींची बैठक असते. तिथे कॉलेजची मंडळी तुमचं ऐकून घेतात, फार तर लिहून घेतात. तिच्या शेजारी विद्यार्थी परिषद, म्हणजे विद्यार्थ्यांची स्वतःची संघटना, तिचे पदाधिकारी आणि बहुधा तिचा छोटासा निधी. त्यावर शैक्षणिक समिती, जिथे अभ्यासक्रम, परीक्षा, वेळापत्रक ठरतं. आणि सगळ्यांच्या वर नियामक मंडळ, जिथे पैसा, इमारत आणि नेमणुकांचे निर्णय होतात. नावं प्रत्येक ठिकाणी बदलतील, पण कोण फक्त सुचवतं आणि कोण ठरवतं, हा फरक सगळीकडे असतो. पहिलं सहामाही सत्र मी वर्गप्रतिनिधींच्या बैठकीत कार्यालयाच्या वेळेवरून भांडत होते. त्या बैठकीला वेळ बदलायचा अधिकारच नव्हता, आणि हे मला कुणी सांगितलंही नव्हतं.

म्हणून पहिलं काम हे की नियमावली मागून घ्या. "कुठेतरी असेल," असं उत्तर येईल. पुन्हा मागा, लेखी मागा. हातात आली की पहिल्या पानापासून वाचत बसू नका, काही नेमक्या गोष्टी शोधा. मतदार कोण? प्रतिनिधीची मुदत किती? सभेची सूचना किती दिवस आधी द्यायला हवी? विषयपत्रिकेवर विषय कुणाकडे आणि कधीपर्यंत द्यायचा? गणपूर्ती, म्हणजे निर्णय घ्यायला लागणारी किमान हजेरी, किती जणांची? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुम्ही त्या समितीचे सदस्य आहात की निमंत्रित? निमंत्रिताला बोलता येतं, मत देता येत नाही. काही ठिकाणी तर अध्यक्षांनी विचारलं तरच बोलता येतं. हे सभेत बसल्यावर कळलं की फार चिडचिड होते.

हा सगळा खटाटोप नवा नाही. इंग्लंडात शेफील्डला १८४२ मध्ये कामगारांसाठी पीपल्स कॉलेज निघालं. काही वर्षांनी संस्थापक गाव सोडून गेले, तेव्हा कॉलेज बंद पडू न देता विद्यार्थ्यांनीच समिती करून ते चालवलं. उलटं उदाहरण ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजचं. १८९९ मध्ये कामगारवर्गातल्या प्रौढांसाठी सुरू झालेलं हे कॉलेज. तिथे काय शिकवावं आणि विद्यापीठाच्या किती कह्यात राहावं यावरून धुसफूस चालू होती. १९०९ मध्ये प्राचार्य डेनिस हर्ड यांना पद सोडायला लावलं, तेव्हा विद्यार्थ्यांनी व्याख्यानांवर बहिष्कार टाकला. मिटलं नाही ते नाहीच. फुटून निघालेल्यांनी त्याच वर्षी सेंट्रल लेबर कॉलेज नावाचं वेगळं कॉलेज काढलं. तुमच्या वाट्याला असलं काही येणार नाही. पण समितीवर विद्यार्थ्याला खुर्ची कशाला, असं कुणी विचारलं तर हा किस्सा हाताशी असू द्या.

उभं राहताना

बहुतेक ठिकाणी अर्जावर एक सूचक (नाव सुचवणारा) आणि एक अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारा) लागतो, आणि दोघंही मतदारयादीत असावे लागतात. हे वाक्य वाचायला सोपं आहे. मी निवडणूक अधिकारी होते त्या वर्षी एका चांगल्या उमेदवाराचा अर्ज छाननीत मला बाद करावा लागला. तिची अनुमोदक दोन वर्षं त्याच वर्गात बसत होती, पण नव्या सत्राची नोंदणी करायची राहिली होती. प्रौढ कॉलेजात हे सारखं होतं, कारण माणसं सत्रागणिक नाव घालतात, मध्ये एखादं सत्र सोडतात, पुन्हा येतात. त्यामुळे सही घेण्याआधी यादीत नाव बघून घ्या, आणि शेवटच्या दिवसाची वाट न बघता अर्ज द्या, म्हणजे चूक निघाली तर दुसरी सही मिळवायला वेळ राहतो. अर्ज मागे घ्यायची मुदतही लक्षात ठेवा. ती उलटली की मतपत्रिकेवर नाव छापलं जाणारच.

मग उमेदवाराचं निवेदन. शंभर शब्द पुरतात. "विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी मी कटिबद्ध आहे," असलं काही लिहू नका, ते डोळ्यांखालून नुसतं निसटतं. आमच्याकडे निवडून आलेल्या एका गृहस्थांचं निवेदन मला अजून पाठ आहे: "मी मंगळवार-गुरुवारच्या हिशेबलेखनाच्या वर्गात असतो, दारापासून तिसरा बाक. परीक्षेची तारीख निदान सहा आठवडे आधी कळावी, म्हणजे कामावर रजा टाकता येईल, एवढा एकच विषय मी धरून राहणार आहे. बाकीचं तुम्ही सांगाल ते." कुठे भेटतील, काय करतील, किती करतील, सगळं त्यात आलं.

आणि स्वतःला एक प्रश्न विचारा: सभा कधी असतात? आमच्या शैक्षणिक समितीची सभा दुपारी चारला असायची. संध्याकाळच्या वर्गातला नोकरदार माणूस तिथे पोचणारच नाही. असं असेल तर निवडून येण्याआधीच सांगून टाका की सभेची वेळ बदलणं हा तुमचा पहिला विषय असेल. यात मागेपुढे बघू नका, कारण ज्या सभेला पोचताच येत नाही तिथली खुर्ची नावापुरती.

मतपेटीपाशी

निवडणूक घेण्याची जबाबदारी तुमच्यावर आली तर अर्धी लढाई मतदारयादीत असते. दिवसाच्या वर्गांची नावं आपोआप येतात. सुट्टीच्या दिवशीचा वर्ग, घरी बसून शिकणारे, साक्षरतेच्या वर्गाला येणारे, दुसऱ्या इमारतीत किंवा कारखान्याच्या आवारात भरणारा वर्ग, ही मंडळी गळतात. यादी लावल्यावर हरकतींसाठी निदान एक पूर्ण आठवडा द्या, म्हणजे आठवड्यातून एकदाच येणाऱ्यालाही ती दिसेल. मतदानही याच हिशेबानं ठेवा. एका दुपारी मतदान उरकलं तर दुपारच्यांचाच प्रतिनिधी निवडून येतो.

साक्षरतेच्या वर्गाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे चांगली चांगली कॉलेजं चुकतात. ज्याला अजून नीट वाचता येत नाही, त्याच्या हातात नुसत्या नावांची मतपत्रिका देणं म्हणजे त्याला शेजाऱ्याला विचारायला लावणं. भारताच्या १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा होता. तिथे प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी ठेवली आणि पेटीवर चिन्ह लावलं, मतदारानं फक्त हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. आपल्याला एवढं करायला नको. मतपत्रिकेवर नावापुढे फोटो आणि मोठा आकडा छापला, आणि आदल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात निवेदनं मोठ्यानं वाचून दाखवली की भागतं. वाचणारा मात्र उमेदवार किंवा त्याचा मित्र नसावा. मी एकदा घाईत एका उमेदवारालाच सगळी निवेदनं वाचायला दिली होती. स्वतःचं त्यानं दमदार आवाजात वाचलं, बाकीची वरणभात उरकावा तशी.

मतदान गुप्तच हवं. "आपण सगळी मोठी माणसं आहोत, हात वर करून टाकू," असं हटकून कुणीतरी म्हणतं. पण मोठी माणसं असतात म्हणूनच ते नको. प्रौढांच्या वर्गात मुकादम आणि त्याच्या हाताखालचा माणूस एकाच बाकावर असतो. नवरा-बायको असतात, घरमालक-भाडेकरू असतात, सावकार-ऋणको देखील. वर्गाबाहेरची नाती वर्गात येऊन बसलेली असतात. ब्रिटनमध्ये गुप्त मतदानाचा कायदा १८७२ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टात पाँटेफ्रॅक्टच्या पोटनिवडणुकीत तो पहिल्यांदा वापरला गेला. तिथली मतपेटी मोहोरबंद करायला गावातल्या ज्येष्ठमधाच्या गोळ्यांवर उमटवायचा कारखान्याचा शिक्का वापरला होता. सांगायचं एवढंच की साधनं साधी चालतात. पुठ्ठ्याचं खोकं, दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली कागदाची पट्टी आणि कोपऱ्यात फळ्याच्या आडोशाला एक टेबल पुरे.

एकच जागा असेल तर मोजणीत विशेष काही नाही. ज्याला जास्त मतं तो निवडून आला, समान मतं पडली तर चिठ्ठी, आणि चिठ्ठी कोण काढणार ते मोजणीच्या आधी ठरवून लिहून ठेवायचं. एकापेक्षा जास्त जागा असतील तर मात्र जरा हिशेब करा. समजा तीन जागा आहेत आणि ऐंशी जणांनी वैध मत दिलं. त्यातले पंचावन्न दिवसाचे, पंचवीस संध्याकाळचे. प्रत्येकाला तीन मतं दिली आणि दोन्ही गटांनी आपापल्या माणसांना मतं दिली, तर तिन्ही जागा दिवसाच्यांना जातात. पंचावन्न विरुद्ध पंचवीस, तीनदा तेच. संध्याकाळच्या पंचवीस जणांचं कुणीच नाही.

याऐवजी प्रत्येकाला एकच मत द्या, पण पसंतीक्रमानं: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. निवडून यायला लागणारा कोटा काढायची रीत हेन्री ड्रूप या इंग्रज वकिलानं १८६८ मध्ये मांडली. वैध मतांना जागांपेक्षा एकानं जास्त आकड्यानं भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा. ऐंशी भागिले चार म्हणजे वीस, अधिक एक, एकवीस. तिघांनी एकवीस-एकवीस घेतली तर त्रेसष्ट होतात, उरतात सतरा, म्हणून चौथा कुणी कोट्यापर्यंत पोचूच शकत नाही. संध्याकाळचे पंचवीस जण आपल्यातल्यांनाच आधीच्या पसंती देतील तर त्यांची एक जागा पक्की. कोट्याच्या वरची मतं पुढच्या पसंतीला द्यायची, कुणीच कोट्याला पोचत नसेल तर सगळ्यांत कमी मतांच्या उमेदवाराला बाद करून त्याची मतं पुढे सरकवायची. मोजणीला तासभर जास्त लागतो. फळ्यावर सगळ्यांसमोर करा. आमच्याकडे गणिताच्या वर्गानं ती मोजणी प्रात्यक्षिक म्हणून करून दिली होती, आणि बाई सांगत होत्या की अपूर्णांकाचा धडा इतक्या मन लावून कुणी कधी बघितला नव्हता.

बिनविरोध निवड झाली तर कुरकुरू नका, प्रौढ कॉलेजात ते नेहमीचंच आहे. फक्त वर्गात जाऊन नाव आणि चेहरा दाखवून या.

पहिले पंधरा दिवस

शिक्षकांकडून तासाची शेवटची दहा मिनिटं मागून घ्या आणि त्यांना बाहेर चहाला पाठवा. मग "काही अडचण आहे का?" असं मात्र विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: "नाही, सगळं छान आहे." मी तीनदा हे ऐकल्यावर प्रश्न बदलला. "गेल्या महिन्यात कुणाचा वर्ग बुडला? कशामुळे?" एकदम तोंडं उघडली. एकाला बस चुकली होती, एकीचं मूल आजारी होतं, आणि चार जणांनी तेच सांगितलं: फॉर्म भरायला कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेतली, ती भरून काढायला संध्याकाळी थांबावं लागलं, म्हणून वर्ग बुडला. कॉलेजच्या कागदासाठी कॉलेज बुडवलं! मग मी दोन आठवडे नुसतं मोजलं. एकतीस जणांपैकी नऊ जणांना सत्रात निदान एकदा असं करावं लागलं होतं. सभेत पुढे कामाला आला तो हा नऊचा आकडा. माझी तळमळ कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

जे गप्प असतात त्यांना वर्गात विचारून उपयोग नाही. जिन्यात, निघताना, पाण्याच्या नळाशी विचारा. दुसरी भाषा शिकणाऱ्या वर्गात सोबत कुणीतरी दुभाषा घ्या.

एक फरक मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. "आम्हा सगळ्यांना गुण उशिरा कळतात" हा समितीचा विषय. "अमक्या सरांनी मला वर्गासमोर अपमान होईल असं बोललं" हा एका माणसाचा विषय, तो सभेत न्यायचा नाही. त्याला तक्रारीची वेगळी वाट असते, समुपदेशक किंवा तक्रार निवारण समिती. तुम्ही त्या व्यक्तीबरोबर दारापर्यंत जायचं, हवं तर अर्ज लिहायला मदत करायची, आणि तोंड बंद ठेवायचं. मदत म्हणून तिची गोष्ट दहा जणांना सांगाल, तर पुढच्या वेळी तुमच्याकडे कुणी येणार नाही.

सभेच्या आधीची सभा

सभेत जिंकलेले फार थोडे विषय सभेत जिंकलेले असतात. कार्यालयाचा विषय विषयपत्रिकेवर देण्याआधी मी खिडकीमागच्या लिपिकांना जाऊन भेटले. खरं तर त्यांच्यावर माझा राग होता. ते म्हणाले, "ताई, मला थांबायला काही नाही हो. पण सहानंतर रोकड घ्यायची तर दोन माणसं लागतात, मोजून तिजोरीत ठेवायला. मी एकटा आहे." हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी कागद पुन्हा लिहिला: उशिरापर्यंत फक्त फॉर्म, दाखले आणि ओळखपत्रं, रोकड नाही. त्यांचा विरोध तिथेच संपला, उलट सभेत प्राचार्यांनी विचारल्यावर त्यांनीच "जमेल" म्हणून सांगितलं.

विषय मुदतीत आणि लेखी द्या. एका परिच्छेदात काय अडचण, किती जणांची आणि काय करावं, एवढं आलं की पुरे. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" या शेवटच्या कलमावर विसंबू नका. तोवर सगळ्यांची नजर घड्याळाकडे गेलेली असते, आणि "छान मुद्दा आहे, पुढच्या वेळी घेऊ" म्हणून सभा संपते. पुढची वेळ तीन महिन्यांनी.

प्रत्यक्ष सभेत एका वेळी एकच प्रस्ताव बोला. सभेच्या नियमांचा जो अमेरिकी संच जगभर वापरला जातो, तो हेन्री रॉबर्ट नावाच्या लष्करी अभियंत्यानं १८७६ मध्ये छापला. चर्चमधल्या एका सभेचं अध्यक्षपद त्याच्या अचानक गळ्यात पडलं होतं आणि सभा पार हाताबाहेर गेली होती, त्यातून हे सुचलं. माझ्यासारखंच म्हणायचं, फक्त त्यानं पुढे जास्त अभ्यास केला. त्या सगळ्या नियमांतले आपल्याला तीनच रोज लागतात: प्रस्ताव आणि अनुमोदन झाल्यावर चर्चा, उपसूचना, म्हणजे प्रस्तावात बदल सुचवणारी सूचना, आली तर आधी उपसूचनेवर मत, आणि विषय सोडून कुणी भरकटलं तर अध्यक्षांना हरकतीचा मुद्दा. गणपूर्ती नसेल तर निर्णय घेऊ नका, कितीही सोपा असला तरी. नंतर तोच नेमका उलटतो.

आता इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची लेखी नोंद. यावर मी अख्खी संध्याकाळ बोलू शकते. आमच्या पहिल्या सभेत कार्यालयाच्या वेळेवर पाऊण तास चर्चा झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या, मी घरी जाऊन सगळ्यांना "झालं!" म्हणून कळवलं. महिन्याभरानं इतिवृत्त आलं. त्यात होतं: "कार्यालयीन वेळेबाबत चर्चा झाली." बस. खिडकी सहालाच बंद होत राहिली, आणि वर्गात मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याच्या वेळी मी दुरुस्ती मागितली. ठरलंच नव्हतं, असं सांगितलं गेलं, आणि ते खोटंही नव्हतं. माना डोलावणं म्हणजे ठरणं नव्हे. मग विषय पुन्हा घेतला, आणि या वेळी उठण्याआधी मी विचारलं, "हे कसं लिहून घेतलंत, जरा वाचता?" नोंद अशी झाली: "दर मंगळवारी व गुरुवारी कार्यालय सायंकाळी साडेसातपर्यंत फॉर्म, दाखले व ओळखपत्रांसाठी उघडे ठेवावे, असे सर्वानुमते ठरले. कार्यवाही: प्रशासन अधिकारी. मुदत: पुढील महिन्याच्या १ तारखेपासून." काय ठरलं, कोण करणार, कधीपासून. या तीन गोष्टी इतिवृत्तात आहेत का ते खोलीतून उठण्याआधी बघा. "हे कसं लिहून घेतलंत" हे विचारायला लाज वाटते, पहिल्यांदाच. मग वाटत नाही.

नियामक मंडळावर गेलात तर नियम जरा वेगळे होतात. तिथे तुम्ही विद्यार्थ्यांमधून आलेले असता, पण बसता ते बहुधा संपूर्ण संस्थेचं हित बघायला. पगार, नेमणुका, करार यांची चर्चा गोपनीय असते, आणि कोण काय बोललं हे बाहेर सांगायचं नसतं. तुमची स्वतःची फीमाफी चर्चेला आली तर ते आधी सांगून खोलीबाहेर जायचं. मग माझ्या वर्गानं सांगितलं तसंच मत द्यायचं की मला पटेल तसं? एडमंड बर्क या ब्रिटिश खासदारानं १७७४ मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना तोंडावर सांगितलं होतं की प्रतिनिधी स्वतःची विवेकबुद्धी वापरणार, मतदारांचा हुकूम पाळणार नाही. सहा वर्षांनी तिथून पुन्हा उभा राहिला तेव्हा पराभव दिसू लागला आणि त्यानं माघार घेतली. मी स्वतः असं करायचे: वर्गाचं म्हणणं जसंच्या तसं मांडायचं, मत वेगळं दिलं तर का दिलं ते वर्गाला येऊन सांगायचं. शिव्या खाल्ल्या एकदा, पण त्यांना आधी माझ्याच तोंडून कळलं होतं.

परत या आणि सांगा

सभा झाली की दोन दिवसांत फलकावर अर्ध्या पानाचा कागद लावा. मोठ्या अक्षरात, चार ओळी. जे झालं नाही तेही लिहा: "वाचनालय रविवारी उघडण्याचा विषय नामंजूर. कारण: पहारेकरी नाही. पुढच्या सत्रात पुन्हा." लोकांना नकार चालतो. आपण सांगितलेलं कुठे गेलं ते कळलंच नाही, हे चालत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी तेच वर्गात दोन मिनिटांत बोलून दाखवा. व्हॉट्सॲपचा ग्रुप सूचनांपुरता ठेवा आणि सदस्यांना त्यावर लिहिता येणार नाही अशी सोय करा. आमच्या ग्रुपवर एका शिक्षिकेबद्दल रात्री अकराला सुरू झालेली चर्चा सकाळी त्यांच्याच मोबाईलवर पोचली होती. ती निस्तरायला माझा एक महिना गेला, आणि त्या महिन्यात दुसरं काही झालं नाही.

फाईल

प्रौढ कॉलेजातले अभ्यासक्रम छोटे असतात. सहा महिने, वर्ष, फार तर दोन. प्रतिनिधी शिकतो तोवर निघून जातो, आणि नवा माणूस तेच प्रश्न पहिल्यापासून विचारायला लागतो. कॉलेजची माणसं तिथेच असतात, त्यांना सगळं आठवत असतं. ही तफावत भरून काढायला फाईल हवी. त्यात नियमावली, सगळी इतिवृत्तं, दिलेले विषय आणि त्यांची उत्तरं, आणि अजून काय लटकलेलं आहे त्याची एक यादी. जमलं तर मुदत संपायच्या आधी उपप्रतिनिधीला दोन सभांना बरोबर न्या, नुसतं बसायला.

मला फाईल मिळाली नव्हती. माझ्यानंतर आलेल्या मुलीला दिली. मुलगी कसली, तिला दोन नातवंडं होती. पहिल्या पानावर मी पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं: सभागृहाची किल्ली पहारेकऱ्याकडे, वही दाखवून मिळते. विषय लिपिकांकडे बुधवारपर्यंत. मंगळवार-गुरुवार खिडकी साडेसातपर्यंत, पण परीक्षेच्या आठवड्यात एकदा जाऊन बघून ये, बंद करतात.